फॉर्मॅलिनमधले अकरा दिवस

माझी बायको तिच्या माहेरच्या गावात पुरलेली आहे आणि मला त्या गावात पाऊल ठेवता येत नाही. आमच्या बेटांवर हे असंच असतं. बाई तिच्या आईच्या कुळाची. लग्नानंतर ती नवऱ्याबरोबर राहते, पण मेली की कुळ तिला परत नेतं. नवरा सासुरवाडीत सुतक पाळतो. अंगाला काळं फासून, न धुता, भाजलेल्या कंदांवर राहतो. वर्ष झालं की तिचे लोक मोठं जेवण घालतात, त्याला समुद्रात आंघोळ घालतात आणि होडीत बसवून देतात. त्यानंतर त्याने त्या किनाऱ्याला कधी होडी लावायची नाही आणि तिचं नाव तोंडातून काढायचं नाही. मी हे सगळं केलं, अधेमधे नोकरीसाठी परवानगी घेऊन. माझी कुणाबद्दल तक्रार नाही. माझी आई गेली तेव्हा माझ्या बापालाही असंच होडीत बसवलं होतं आणि बसवणाऱ्यांत मी होतो.

ते जेवण झालं आणि मी राजधानीत, मोर्सबीला, कायमचा परत आलो. इथल्या एका इस्पितळाच्या पॅथॉलॉजी विभागात मी चोवीस वर्षं काम करतो. डॉक्टर रोग्याच्या अंगातून तुकडा काढतात, तो फॉर्मॅलिनच्या बाटलीत आमच्याकडे येतो. मी त्या तुकड्यातलं पाणी काढून मेण भरतो, मेणाचा छोटा चौकोनी ब्लॉक करतो आणि मायक्रोटोम नावाच्या कापायच्या यंत्रावर त्याचे केसाहून पातळ काप काढतो. ते काप काचेवर बघून डॉक्टर रोग सांगतात. उरलेला ब्लॉक आम्ही टाकत नाही. मागच्या खोलीत लोखंडी खणांत सगळे ठेवलेले असतात. मेणात मांस सडत नाही. वीस वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाचा तुकडाही आज कापता येतो.

तिचा ब्लॉक वरून तिसऱ्या खणात होता. गालाच्या आतून काढलेला तुकडा, भाताच्या दोन शितांएवढा. मी तो रोज काढत नसे. आठवड्यातून एकदा, दुपारी जेवण झाल्यावर. हातात जास्त वेळ धरला तर मेण मऊ पडतं, म्हणून प्लास्टिकच्या कडेला धरायचो. थोडा वेळ उभा राहायचो आणि परत ठेवायचो. त्या खोलीत एसी चालतो, आमच्या बाजूला तो दोन वर्षं बंद आहे. माझ्याबरोबर काम करणारा बोमाई डोंगराळ भागातला आहे, त्याला उकाडा सोसत नाही. मी त्या खोलीकडे निघालो की तो म्हणायचा, "चालला म्हातारबा हवा खायला. येताना थोडी बाटलीत भरून आण माझ्यासाठी."

त्याला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं.

मी परत आलो त्याच वर्षी डॉ. कोनिओ हितोलो ब्रिस्बेनहून शिकून परत आल्या. पस्तिशीच्या असतील. त्यांना तोंडाच्या कर्करोगाचे आमचे जुने ब्लॉक हवे होते. त्या म्हणाल्या, "काका, तोंडाच्या कर्करोगात कोणते जनुक बिघडतात याच्या याद्या बाहेर भरपूर आहेत. पण त्या सिगारेट ओढणाऱ्यांच्या. आपले लोक चुना लावून सुपारी खातात. आपल्याकडे काय बिघडतं ते आपल्याच माणसांत बघायला पाहिजे. आणि ती माणसं तुमच्या खणांत आहेत."

मी जुनी रजिस्टरं काढून बसलो. अठ्ठावन्न ब्लॉक मिळाले. प्रत्येकाचा एक कागद भरायचा होता: वय, तोंडातली जागा, तुकडा फॉर्मॅलिनमध्ये किती तास होता, नातेवाइकाची संमती. मग प्रत्येक ब्लॉकचे पाच काप छोट्या नळीत घालून द्यायचे.

तिचा कागद मी सगळ्यात खाली ठेवला होता. डॉक्टरांना तो मिळालाच. आडनाव वाचून त्या माझ्याकडे आल्या आणि खुर्ची ओढून बसल्या.

"काका, हा नको असेल तर सोडून देऊ. सत्तावन्न पुरतील मला."

"नको असं नाही. पण सही माझी चालत नाही."

"नवरा आहात ना? फॉर्ममध्ये नवऱ्याचं नाव पहिलं आहे."

"तो फॉर्म ब्रिस्बेनमध्ये लिहिलाय, डॉक्टर."

त्या हसल्या. "मग कुणाची चालते?"

"तिच्या भावाची."

"विचाराल त्यांना?"

मी हो म्हणालो. त्या गेल्या आणि मी कागदावरच्या एका रकान्याकडे बघत बसलो. किती तास फॉर्मॅलिनमध्ये.

तुकडा फॉर्मॅलिनमध्ये एक-दोन दिवस ठेवायचा असतो. आठवड्याच्या वर गेला की जनुकांचा धागा आतल्या आत तुटत जातो. काचेवर बघणाऱ्याला यातलं काही दिसत नाही, रोग बरोबर ओळखता येतो. म्हणून तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. तिची बाटली आमच्याकडे आली तेव्हा मीच ती घेतली. नाव वाचलं आणि रिकाम्या बाटल्यांच्या मागे ठेवून दिली. तुकडा बाहेर काढून बघितला की मला बहुतेक वेळा कळतं. डॉक्टरांच्या आधी कळतं. मला कळून घ्यायचं नव्हतं. अकरा दिवस ती बाटली तिथे राहिली. दवाखान्यातून विचारणा आली तेव्हा मशीन बंद आहे म्हणून सांगितलं. बाराव्या दिवशी मी तुकडा मेणात घातला आणि रजिस्टरात तो आदल्या दिवशी आल्याचं लिहिलं.

सात महिन्यांनी ती गेली.

आता रजिस्टर बघून मी 'चोवीस तास' लिहू शकत होतो. पाच काप दिले असते. जनुक वाचणाऱ्या यंत्राला त्यात काही वाचता आलं नसतं, डॉक्टर म्हणाल्या असत्या, जुना माल आहे, होतं असं कधीकधी. उरलेला ब्लॉक परत खणात गेला असता. खरं लिहिलं असतं तर? तुटक्या धाग्यातूनही थोडंफार वाचता येतं, पण त्याला माल फार लागतो. पाच कापांनी भागणार नव्हतं. जेवढं होतं तेवढं सगळं लागलं असतं.

मी तो रकाना मोकळा ठेवला आणि मेहुण्याला फोन केला.

मेहुण्याचं नाव मी लिहीत नाही, आमच्यात सासरच्या माणसाचं नाव घेत नाहीत. तो तिच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे. फोनवर तो एवढंच म्हणाला, "चर्चच्या सभेला मोर्सबीला येतोय पुढच्या आठवड्यात. समोर बोलू."

तो आला तेव्हा फाटकावर पहारेकऱ्याशी त्याची जुंपलेली होती.

"सुपारी थुंकून मग आत," पहारेकरी म्हणत होता.

"आत्ता कुठे रंगलीय. अजून रस आहे तिच्यात."

"मग रस संपेस्तोवर बाहेर उभा राहा."

"तुझ्या स्वतःच्या ओठांकडे बघ आधी, लाल कशाने झालेत? लिपस्टिक लावलीस?"

मला बघून त्याने सुपारी थुंकली आणि नळावर चूळ भरली. मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "दाजी, सुकलास. कोण रांधतं?"

"मीच."

"म्हणून सुकलास."

मी त्याला मागच्या खोलीत नेलं. तिसरा खण ओढला आणि ब्लॉक त्याच्या हातात दिला. कडेला धर म्हणून सांगितलं.

"हे?"

"हे."

त्याने तो खिडकीच्या उजेडाकडे नेला. "हा रंग तिचा नाही."

"औषधाने होतो. सगळ्यांचा असाच होतो."

त्याने तो डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाला, "तिला घरी आणली तेव्हा आईने गालाची पट्टी काढून बघितलं होतं. विचारलं होतं, इथलं मांस कुठंय. तू काय म्हणालास?"

"डॉक्टरांनी काढलं म्हणालो."

"काढलं म्हणालास. ठेवलंय म्हणाला नाहीस."

तो ब्लॉककडेच बघत होता.

"तुला होडीत बसवलं तेव्हा मी बायकोला म्हटलं होतं, हा फार शहाण्यासारखा गेला. रडला नाही, ओरडला नाही. आता कळलं. तू इकडे कपाटात एक ठेवून आला होतास." तो आवाज चढवत नव्हता. "लबाड आहेस, दाजी."

"तुमचा आहे तो. नेतो म्हणालात तर डॉक्टर देतील. पुरता येईल."

"आणि नाही नेला तर? ती डॉक्टरीण काय करणार आहे?"

मी सांगितलं. पेशीत जनुक असतात, त्यातला कुठला मोडला की गाठ वाढत जाते, ते या तुकड्यात शोधता येतं. त्याने ऐकून घेतलं.

"कुणी केलं ते कळेल?"

"कुणी केलं ते नाही. काय झालं ते कळेल."

"गावात अजून करणीचंच बोलतात. तुझ्याकडच्या लोकांचं नाव घेतात. तुझ्या मावशीचं."

"माहीत आहे."

"आई पण बोलते. माझ्यासमोर नाही, पण बोलते." त्याने ब्लॉक उलटसुलट केला. "सगळा लागतो का हा?"

"पाच काप लागतात."

"उरलेला?"

"इथेच राहील. खणात."

"तुझ्याकडे."

"हो."

"आणि त्या पाचात कळेल काय झालं ते?"

हो म्हणायला काहीच लागलं नसतं. तो सभेला गेला असता, गावी गेला असता. मी खण लावून टाकला असता. पण बहिणीचा तुकडा त्याच्या हातात होता आणि तो माझ्याकडे बघत होता. मी नाही म्हणालो. आणि मग अकरा दिवसांचं सगळं सांगितलं. ते मी पहिल्यांदाच कुणाला सांगत होतो.

तो खणाला टेकून उभा राहिला. "तिला काय सांगितलंस?"

"मशीन बंद आहे म्हणालो."

"ती काय म्हणाली?"

"म्हणाली, त्या मशीनला एक सुपारी चारा कुणीतरी, लगेच चालू होईल."

तो मोठ्याने हसला. हसता हसता थांबला आणि हाताने तोंड पुसलं.

"त्या अकरा दिवसांमुळे मेली का ती?"

"गाठ वर्षभराची होती. डॉक्टर नाही म्हणतील."

"डॉक्टर नाही, तुला विचारतोय."

"मला माहीत नाही."

त्याने मान हलवली. बाहेर बोमाई कुणाशी तरी बोलत होता, त्याचा आवाज येत होता. मेहुण्याने ब्लॉक माझ्या हातात परत दिला.

"सगळा काप," तो म्हणाला. "काही ठेवू नकोस. थोडी तुझ्याकडे, थोडी आमच्याकडे, असं तिला ठेवायचं नाही. आणि तूच काप. बाहेरच्या त्या पोराला हात लावू देऊ नकोस."

"बरं."

"कुठे सही करायची?"

नात्याच्या रकान्यात त्याने 'भाऊ' लिहिलं. अक्षर मोठं होतं, रकान्याबाहेर गेलं. जाताना फाटकावर त्याने पहारेकऱ्याला पिशवीतून दोन सुपाऱ्या काढून दिल्या.

त्याच दुपारी मी डॉ. हितोलोंना सांगितलं. त्यांनी रजिस्टर मागून घेतलं, ते पान बघितलं, मिटलं.

"काका, याची नोंद मला करावी लागेल."

"करा."

"दुसऱ्या कुणाच्या बाबतीत असं केलंय का तुम्ही? इथे हजारो ब्लॉक आहेत. मला विचारावंच लागेल."

"नाही. तिच्याच."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. विश्वास ठेवायचा की नाही ते ठरवत असाव्यात. पुढच्या पंधरा दिवसांत त्यांनी मी तिची बाटली आली त्या वर्षी केलेले शंभरेक ब्लॉक तपासून घेतले, त्यांचं बरोबरच होतं. वरून एक कडक पत्र आलं, माझ्या फाइलला लागलं. त्याचं मला काही वाटलं नाही. त्यांनी माझ्यामागे माझं काम तपासलं, त्याचं वाटलं.

मंगळवारी सकाळी मी तिचा ब्लॉक बर्फावर ठेवला. गार झाला की मेण कडक होतं, काप नीट येतो. मायक्रोटोम अल्कोहोलने पुसला. नवीन पातं लावलं. हे सगळ्यांसाठीच करायचं असतं, एकाचं दुसऱ्यात मिसळू नये म्हणून. वरची धूळ लागलेली मेणाची चकती काढून टाकली. मग चाक फिरवायला लागलो.

जाड काप काढला की तो पात्यावर गुंडाळला जातो, लाकडाला रंधा मारल्यावर निघतो तसा. ती गुंडाळी चिमट्याने उचलून नळीत टाकायची. बोमाई नळ्या धरायला आला होता. मी त्याला म्हणालो, फक्त नळ्या धर, बाकी कशाला हात लावू नकोस. तो का म्हणून विचारायला गेला आणि मग नळीवरचं आडनाव वाचून थांबला. त्याने जाऊन रेडिओ बंद केला.

मी मोजत होतो. दहा, वीस. मेणातला करडा ठिपका सुरुवातीला थोडा पसरला, चाळिसाच्या आसपास बदामासारखा झाला. त्याचा हा आकार मी कधी बघितला नव्हता. बाहेरून दिसत नाही, कापल्यावरच दिसतो. साठनंतर तो आत ओढला जायला लागला. कडेला एक दोरा राहिला. पहिली नळी भरली, दुसरी भरली. कोपर दुखत होतं पण मी थांबलो नाही, थांबलो असतो तर परत सुरू केलं नसतं. काही वेळाने माझी मोजणी चुकली.

"म्हातारबा," बोमाई हळूच म्हणाला.

मी चाक फिरवत होतो.

"म्हातारबा, नुसतं मेण येतंय आता."

बघितलं तर खरंच. शेवटच्या सात-आठ गुंडाळ्या पांढऱ्या होत्या. त्या मी उचलल्या नाहीत. बोमाईने नळ्यांची झाकणं लावली, डॉक्टरांकडे नेऊन दिल्या, आणि येताना माझ्यासाठी चहा घेऊन आला. हे त्याने याआधी कधी केलं नव्हतं. चहात साखर फार होती. मी प्यायलो.

नळ्या ब्रिस्बेनला गेल्या. पाच महिने काही कळलं नाही. दुपारी जेवण झालं की मी बाकावरच बसून राहायचो. मागच्या खोलीत जायचं काही काम पडलं तर बोमाईला पाठवायचो आणि तो न बोलता जायचा.

मग एके दिवशी डॉ. हितोलोंनी हाक मारली. अठ्ठावन्नपैकी एकोणपन्नास वाचता आले होते. त्यात तिचा होता. "अर्धामुर्धा आलाय," त्या म्हणाल्या, "पण आलाय. बसा, दाखवते."

संध्याकाळी मी मेहुण्याला फोन केला. त्यांच्या गावात चर्चच्या टेकाडावरच फोनचा आवाज येतो, तो धापा टाकत वर आला होता.

"काय निघालं?"

"पेशींची वाढ आवरून धरणारा एक जनुक असतो. तो मोडलेला होता. पस्तीस जणांचा तोच मोडलेला आहे."

"पस्तीस? कुठले?"

"सगळीकडचे. आपल्याकडचे, डोंगरातले, इथले. चुना आणि सुपारी."

"म्हणजे पस्तीस जणांवर कुणी केलेलं नाही."

"पस्तीस जणांवर कोण कशाला करेल?"

"तेच म्हणतोय." तो थोडा वेळ श्वास घेत राहिला. "आईला सांगतो. ऐकेल की नाही माहीत नाही, पण सांगतो. तुझ्या मावशीचं नाव परत घेतलं तर मी बघेन."

"बरं."

"आणि तिचं असं काही निघालं? वेगळं?"

"नाही. सगळ्यांसारखंच."

"सगळ्यांसारखं म्हटलेलं तिला चाललं नसतं."

"नसतं चाललं."

"भांडली असती डॉक्टरणीशी."

"हो."

आम्ही दोघं थोडं हसलो. 

"दाजी," तो म्हणाला, "आता आपलं एकमेकांशी काम संपलं, नाही का?"

"संपलं."

"बरं मग."

पण त्याने फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. त्याच्या मागे कोंबड्या ओरडत होत्या. खाली कुणीतरी होडी वाळूवर ओढत होतं, दोघंतिघं मिळून, एका सुरात. एक बाई कुणाला तरी जेवायला बोलावत होती, पहिल्यांदा प्रेमाने आणि मग शिव्या देत. वारा होता. तो नुसता टेकाडावर उभा होता, आणि मी कानाला फोन लावून बसलो, आवाज जाईपर्यंत.